‘राजपूत’ची १३७ पाकिटं

२०२१ चा सप्टेंबर होता. महापूर ओसरून महिना उलटून गेला होता, पण कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत अजून फुगलेल्या प्लायवूडची दारं आणि गाद्यांचा कापूस रस्त्याकडेला पडलेला दिसत होता. तिथल्या एका घरातून फोन आला. बोलणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. म्हणाला, “सर, आमच्या आजोबांच्या बोटीची पत्रं आहेत. एक जण तिकिटं घ्यायला तयार आहे. त्याला द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून जाता का?”

मी तीसेक वर्षं टपालाचे शिक्के आणि पाकिटं जमवतो. ‘बोटीची पत्रं’ म्हटल्यावर थांबणं शक्य नव्हतं. त्याच संध्याकाळी गेलो. सोप्यात सतरंजीवर पाकिटं मांडली होती, शेजारी पत्र्याची ट्रंक, तिच्या तळाला पुराच्या चिखलाची रेघ. बाजूला एका ताटात धुऊन वाळत घातलेली तिकिटं होती. ते ताट बघितलं आणि पोटात गोळा आला.

त्या घरातल्या माणसांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही. आजोबा नौदलात इंजिनरूमला होते. १९५८ ला भरती झाले, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकले आणि १९७३ ला घरी आले. मधल्या काळात दोनदा ते आयएनएस राजपूत या विनाशिकेवर होते: १९६४-६५ मध्ये आणि पुन्हा १९७० ते ७२. आता घरात आजी आहेत, वय चौऱ्याऐंशी. मुलगा, सून, हा नातू, आणि माहेरी येऊन-जाऊन असणारी लेक.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगतो. जहाजाच्या टपालात तिकीट सगळ्यात कमी बोलतं. बोलतं ते अख्खं पाकीट. पत्ता कुणाच्या हातचा, शिक्का कुठला, तो तिकिटाबाहेर किती पडलाय, मागं दुसरा शिक्का आहे का, पत्ता खोडून दुसरा लिहिलाय का, हे सगळं एकत्र असेल तरच ते पाकीट त्या जहाजाचं ठरतं. तिकीट सोडवलं की हातात रंगीत कागद उरतो, आणि तसले कागद लाखांनी छापलेले असतात.

ट्रंकेतला हिशेब

पहिल्या दिवशी मी कशालाही हात न लावता फक्त मोजणी केली. एकूण १३७. त्यातली ५८ आजोबांनी घरी पाठवलेली, ७१ घरून जहाजावर गेलेली आणि ८ इतर. आजोबांनी घरून आलेलं प्रत्येक पत्र जपून ठेवलं होतं आणि सुट्टीवर येताना गठ्ठा बांधून आणलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचं टपाल एका ट्रंकेत आलं. असं फार क्वचित होतं. बहुतेक घरांत बाहेरून आलेली पत्रं राहतात, आपण पाठवलेली राहत नाहीत.

१३७ पैकी ८४ धडधाकट. तळाची ३१ पुराच्या पाण्यानं ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. उरलेली २२ नातवानं बादलीत भिजवून तिकिटं सोडवलेली. तिकिटं घेणाऱ्यानं सांगितलं होतं की पाकिटं नकोत, तिकिटं स्वच्छ करून आणा, सगळ्यांचे मिळून चार हजार देतो. पोराची चूक म्हणता येत नाही. घरात कुणालाच पाकिटाला काही किंमत असते हे माहीत नव्हतं, आणि पुरानंतरच्या दिवसांत चार हजार ही रक्कम लहान नव्हती. भिजवून झालेली पाकिटं आजींनी परसात बंबाजवळ टाकली होती.

“ह्यात काय हाय म्हणून मी रोज दोन-चार घालत होतो बंबात,” आजी म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “का ओ? नव्हतं जाळायचं?”

जळणाच्या ढिगातून ९ पाकिटं मिळाली. १३ गेली ती गेलीच.

दोन राजपूत

धडधाकट पाकिटांवर नातवानं पेन्सिलीनं नव्हे, बॉलपेननं क्रमांक घातले होते आणि वर चिठ्ठी लावली होती: ‘आयएनएस राजपूत, १९८०–२०२१’. त्या वर्षी २१ मे रोजी विशाखापट्टणमला राजपूत ही विनाशिका निवृत्त झाली होती. टीव्हीवर बातमी आली, घरात सगळे हळहळले, ‘आजोबांची बोट गेली’ म्हणून मोबाईलवर स्टेटस ठेवले गेले. त्या बातमीमुळेच ट्रंक माळ्यावरून खाली आली, आणि खाली राहिली म्हणून दोन महिन्यांनी पुरात सापडली.

पण ती आजोबांची बोट नव्हतीच. नौदल जुन्या जहाजाचं नाव नव्या जहाजाला देतं. २०२१ मध्ये निवृत्त झालेली राजपूत सोव्हिएत बांधणीची, क्रमांक डी-५१, ४ मे १९८० रोजी आपल्या नौदलात आलेली. आजोबा तेव्हा सात वर्षं शेती करत होते. त्यांची राजपूत डी-१४१. ती मूळची ब्रिटिश नौदलाची एचएमएस रॉदरहॅम. स्कॉटलंडात क्लाइडबँकच्या गोदीत १९४२ ला पाण्यात उतरली, महायुद्धात हिंदी महासागरात होती, आणि १९४९ मध्ये राजपूत होऊन आपल्याकडे आली. तिच्याबरोबर तिच्याच जातीच्या आणखी दोन आल्या, रणजित आणि राणा. १९७६ मध्ये डी-१४१ निवृत्त झाली.

नातवाला हे पटेना. त्याच्याकडे पुरावा होता: तीन पाकिटांवर पाठवणाऱ्याच्या जागी ‘आयएनएस राजपूत’ स्पष्ट लिहिलेलं आणि शिक्के १९८० नंतरचे. ती पाकिटं हातात घेतली. पत्त्यात पिनकोड होता. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे नुसत्या पत्त्यावरूनच ती पाकिटं गठ्ठ्यातल्या बाकीच्यांपेक्षा अलीकडची ठरत होती. अक्षरही वेगळं होतं. आजींना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, “हे आमच्या धाकट्या दिराचा पोरगा. ह्यांच्यामागनं त्यो बी नेव्हीत गेला.” पुतण्या नव्या राजपूतवर लागला आणि जुन्या राजपूतवरच्या काकाला त्यानं पत्र लिहिलं. ती तीन पाकिटं मी ‘इतर’मध्ये ठेवली, पण माझ्या दृष्टीनं ती या संग्रहाची शेंडी आहेत. एकाच घरात, एकाच नावाच्या दोन जहाजांचं टपाल.

जहाजाचं नाव असलेला शिक्का कुठाय?

दुसरी अडचण घरातल्या मोठ्यांची होती. मुलानं मोबाईलवर अमेरिकन विनाशिकांची जुनी पाकिटं बघितली होती. त्यांच्यावर गोल शिक्क्यात जहाजाचं नाव लख्ख असतं. आपल्या एकाही पाकिटावर ‘राजपूत’ असा शिक्का नाही, तर ही पाकिटं खरी कशावरून, असा त्यांचा प्रश्न. रास्त प्रश्न होता.

अमेरिकेत १९०८ मध्ये कायदा करून नौदलाच्या जहाजांवरच टपाल कचेऱ्या उघडल्या. जहाजावरचाच खलाशी टपाल कारकुनाचं काम करी आणि जहाजाच्या नावाचा शिक्का मारी. वर्तुळात जहाजाचं नाव, बाजूला तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि पुष्कळदा त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बंदराचं नाव किंवा त्या दिवसाचा प्रसंग. तिथल्या हौशी लोकांनी १९३० च्या दशकात हा छंद एवढा वाढवला की १९३२ मध्ये फक्त जहाजी शिक्क्यांसाठी युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी निघाली. शिक्क्यांचे प्रकार ओळखायला लोसी नावाच्या डॉक्टरांनी केलेली वर्गवारी आजही चालते. लोक स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जहाजावर पाठवत आणि शिक्का मारून ते परत येई. म्हणजे तिकडच्या कितीतरी पाकिटांत पत्र नसतंच. ती शिक्क्यासाठीच जन्मलेली.

ब्रिटिशांची पद्धत उलटी. महायुद्धात जहाज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यात ना जहाज, ना बंदर. ‘पोस्ट ऑफिस मॅरिटाइम मेल’ एवढेच शब्द. तसलं एक पाकीट माझ्याकडे आहे. ते मी त्यांना नेऊन दाखवलं. पाठवणाऱ्यानं आत जहाजाचं नाव लिहिलं नसेल तर ते कुठल्या जहाजाचं हे शिक्क्यावरून कधीच कळत नाही.

आपली रीत या दुसऱ्या घराण्यातली. घरून जहाजावर जाणाऱ्या पत्रावर नाव, हुद्दा, नंबर, जहाजाचं नाव आणि खाली ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. जहाज कुठल्याही समुद्रात असो, पत्ता तोच. फ्लीट मेल ऑफिस ते पत्र जहाजाच्या मागं धाडतं. लष्करी टपालाच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, फक्त कचेरीचा आकडा. आणि खलाशी बंदरावर उतरला, समोर लाल पेटी दिसली, तिच्यात पत्र टाकलं, तर त्यावर मुंबई, कोचीन, विशाखापट्टणम असा साधा गावचा शिक्का बसतो. आजोबांच्या ५८ पत्रांतली ४० च्या वर अशीच आहेत. जहाजाचं नाव फक्त पाठवणाऱ्याच्या कोपऱ्यात, शाईच्या पेनानं. हाच त्यांचा ‘शिक्का’. तो कोपरा कापला असता तर राजपूतचा सगळा पुरावा गेला असता.

अक्षर एकाचं, टपाल दुसऱ्याचं

इथं मला स्वतःला दोन दिवस लागले. नातवानं अक्षरावरून गठ्ठे केले होते. आजोबांचं इंग्रजी वळणदार अक्षर ज्यावर, ती ‘बोटीवरून आलेली’. दिसायला बरोबर. पण त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर शिक्का कोल्हापूरचा होता आणि पत्ता खुद्द आजोबांच्या नावचा. माणूस कोल्हापुरात सुट्टीवर येऊन स्वतःलाच पत्र लिहील का?

उलगडा आजींनीच केला. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं. नवरा सुट्टी संपवून जाताना स्वतःच्या हातानं इंग्रजीत पत्ता घातलेली, तिकीट चिकटवलेली पाकिटं आणि इनलँड ठेवून जायचा. कधी दहा, कधी पंधरा. आजी शेजारच्या मास्तरांकडून मजकूर लिहून घेत आणि त्यातलं एक पाकीट काढून पेटीत टाकत. म्हणून पत्ता त्याच्या अक्षरात, आतलं पत्र मास्तरांच्या अक्षरात, आणि शिक्का कोल्हापूरचा. अमेरिकेतल्या छंदिष्टांनी केलं तेच या माणसानं केलं होतं, फक्त शिक्क्यासाठी नव्हे, बायकोचं पत्र यावं म्हणून.

मग सगळे गठ्ठे मोडले आणि शिक्क्यावरून पुन्हा लावले. आधी दिशा, मग तारीख, मग अक्षर. तारखेचा पहिला ढोबळ क्रम तिकिटांनीच लावून दिला. १९५७ ला दशमान नाणी आल्यावरची ‘नये पैसे’वाली तिकिटं एका बाजूला, जून १९६४ मध्ये ‘नये’ शब्द गेल्यानंतरची ‘पैसे’वाली दुसऱ्या बाजूला.

असा क्रम लागला आणि एक गोष्ट दिसली, जी घरातल्या कुणाच्याच ध्यानात नव्हती. १९६८ च्या उन्हाळ्यापर्यंत आतला मजकूर मास्तरांच्या सराईत अक्षरात आहे. त्यानंतर एक इनलँड आहे, त्यावर पाच ओळी. अक्षरं सुपारीएवढी, ओळ खाली उतरत गेलेली, ‘र्‍हस्व-दीर्घ’ सगळं घरच्या बोलण्यासारखं. पुढचं सात ओळींचं. वर्षभरात पानभर. आजी मास्तरांच्या बायकोकडे लिहायला शिकल्या होत्या. आणि त्याच सुमारापासून पाकिटावरचा पत्ताही बदलतो. आजोबांनी इंग्रजी पत्त्याची पाकिटं ठेवून जाणं बंद केलं, पत्ता देवनागरीत आला. ‘राजपूत’ मधला ‘पू’ कधी दीर्घ, कधी र्‍हस्व. पत्रं तरीही पोचली, हे मागच्या शिक्क्यांवरून कळतं.

लेक शेजारी बसून ऐकत होती. तिला मी एक इनलँड दाखवलं. कोल्हापूरचा शिक्का ४ सप्टेंबर १९६५. पत्ता आजोबांच्या हातचा, राजपूतचा. मागं आकडा असलेला गोल लष्करी शिक्का, ७ तारखेचा. मग पुढच्या बाजूला राजपूत हे नाव निळ्या पेन्सिलीनं आडवं खोडलेलं आणि वर वेगळ्याच हातानं ‘व्हेंदुरुथी, कोचीन’. शेवटी कोचीनचा शिक्का, २३ सप्टेंबर. आजोबांची मधेच कोचीनच्या तळावर बदली झाली होती, आणि पाकिस्तानबरोबरचं युद्ध पेटलं होतं. पत्र त्यांना शोधत एकोणीस दिवस फिरलं. आत मास्तरांच्या अक्षरात पहिलं वाक्य: ‘मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत.’

ती मुलगी म्हणजे शेजारी बसलेली लेकच. छप्पन्न वर्षांची बाई ते इनलँड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ नुसती मागचा शिक्का बघत राहिली.

इनलँडवर तिकीट छापलेलंच असतं, सोडवायला काही नसतं. म्हणून ते बादलीतून वाचलं.

दत्तजयंतीचं पत्र

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका पाकिटावरून. घरात पिढीजात समज होता की ‘गाझी बुडवली त्या रात्री आजोबांनी पत्र लिहिलं’. गाझीचा इतिहास थोडक्यात असा. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची पाणबुडी गाझी बंगालच्या उपसागरात आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर आली. विक्रांत तिथून दूर हलवली होती, आणि म्हातारी झालेली राजपूत विशाखापट्टणमजवळ राहून विक्रांत असल्याचा देखावा करत संदेश सोडत होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजपूत बंदराबाहेर पडली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. तिनं पाण्यात डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब, टाकले, थोड्या वेळानं मोठा स्फोट झाला आणि गाझी सगळ्या खलाशांसह बुडाली. आपलं नौदल याचं श्रेय राजपूतला देतं. पाकिस्तान अपघाती स्फोट म्हणतं.

आता पाकीट. उजवीकडे २० पैशांचं नॅट लढाऊ विमानाचं तिकीट. त्याला लागून कुटुंब नियोजनाचं ५ पैशांचं, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असा काळा छाप. शिक्का विशाखापट्टणमचा. ८ डिसेंबर स्वच्छ वाचता येतं. सालाचा ७ दिसतो, शेवटचा आकडा शाईत बुडालेला. भिंगानं, तिरक्या उजेडात, मोबाईलवर मोठं करून बघितलं. १ म्हणावं तर १, २ म्हणावं तर २, ४ सुद्धा म्हणता येईल. आतल्या कागदावर तारीख नाही. घरचे म्हणत होते ७१ च. मला ते पाकिटानं सांगायला हवं होतं.

छापाच्या तिकिटानं अर्धं काम केलं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी सरकारनं टपालावर ५ पैसे जादा लावले होते ते १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत. सुरुवातीला खास तिकीट तयार नव्हतं म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर छाप मारून भागवलं. म्हणजे हे पाकीट त्या साडेसोळा महिन्यांतलं. त्यात ८ डिसेंबर दोनदाच येतो: ७१ चा आणि ७२ चा. चार गळाला.

उरलेलं अर्धं काम पत्रानं केलं. आजींनी वाचायची परवानगी दिली. मजकूर एवढाच:

‘परवा दत्तजयंती झाली. वाडीला जाणे झाले नाही. तू जाऊन आलीस का. इकडे काम जादा आहे. काळजी करू नये. पत्रास उशीर झाला तर समजून घ्यावे.’

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, आपल्या शिरोळ तालुक्यातली. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. १९७१ मध्ये दिवाळी लवकर होती, त्यामुळे ती पौर्णिमा डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आली. १९७२ मध्ये ती २० डिसेंबरच्या आसपास गेली. ८ तारखेच्या शिक्क्याचं पत्र २० तारखेला होणारी दत्तजयंती ‘झाली’ म्हणू शकत नाही. साल १९७१ पक्कं झालं, आणि तेही तिकीट, शिक्का आणि मजकूर तिन्ही एका ठिकाणी होते म्हणून. यातलं तिकीट ताटात वाळत पडलं असतं तर साल कायमचं हुकलं असतं.

मुलाला वाटलं, झालं. ‘परवा’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी, मग पत्र ३ तारखेचं, गाझीच्या रात्रीचं. पाकिटाखाली तसं लिहायचं आणि फ्रेम करायची. मी नको म्हणालो. आपल्याकडे ‘परवा’ हा शब्द आठवड्याभरापूर्वीच्या गोष्टीलाही वापरतात, तोही वापरतो, मीही वापरतो. ३ पासून ८ पर्यंत कुठल्याही दिवशी ते लिहिलेलं असेल. शिक्क्याची तारीख म्हणजे पत्र टपालखात्याच्या हाती लागलं तो दिवस. ते लिहिलं कधी, किनाऱ्यावर कुणी पोचवलं, त्या दिवशी जहाज कुठं होतं, यातलं काही शिक्का सांगत नाही. आणि पत्रात लढाईचा शब्द नाही. असणारही नव्हता, जहाजाच्या हालचाली घरी कळवायच्या नसतात.

मुलगा नाराज झाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही झालो असतो. वडिलांच्या अंगावर कधी न मिरवलेला मान आता द्यावा एवढंच त्याच्या मनात होतं. वाद वाढला असता, पण आजी आतून म्हणाल्या, “त्यांनी जेवढं लिवलंय तेवढंच लिवा.” त्यामुळे पाकिटाखालची ओळ आता अशी आहे: ‘आयएनएस राजपूत (डी-१४१) वरून कोल्हापूरला. विशाखापट्टणम, ८ डिसेंबर १९७१. निर्वासित साहाय्याच्या ५ पैशांच्या छापील तिकिटासह. पत्र दत्तजयंतीनंतरच्या दिवसांत लिहिलेलं.’ वाचणारा जाणकार असेल तर त्या एका ओळीवर तो आपोआप थबकतो.

भिजलेली आणि भिजवलेली

पुरात चिकटलेल्या ३१ पाकिटांबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण कोल्हापूर-सांगलीत ही वेळ पुन्हा येणार आहे आणि फोन येतात ते सगळं उन्हात वाळवून, इस्त्री मारून झाल्यावर.

चिकटलेला गठ्ठा ओढून सोडवायचा नाही. या गठ्ठ्याच्या मधल्या थरात अजून ओल होती, ते एका अर्थी बरं झालं. कोरडा खडखडीत झाला असता तर पाकिटाचा गोंद दगडासारखा धरून बसला असता. आम्ही टीपकागद आणले, लक्ष्मीपुरीत मिळतात. गठ्ठा दोन ओलसर टीपकागदांत ठेवून वर झाकण, रात्रभर. सकाळी कडेनं बोथट, पातळ हाडी सुरीनं जेवढं सुटेल तेवढं सोडवायचं, अडलं की पुन्हा ओलसर कागदात. सुटलेलं पाकीट कोरड्या टीपकागदांच्या मधे, वर सपाट फळी आणि दोन विटा. टीपकागद दिवसातून दोनदा बदलायचे. ऊन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर नाही. शाईच्या पेनाचे पत्ते पाण्यानं पसरलेले असतात, ते पुसायचा प्रयत्न अजिबात नाही. बारा दिवस लागले. २८ नीट सुटली, तिघांची मागची बाजू एकमेकांवर राहिली. त्यात एका ठिकाणी मागचा शिक्का उलटा होऊन शेजारच्या पाकिटावर उमटलाय, तो तसाच ठेवला.

पुराच्या चिखलाचे डागही ठेवले. ते काढायला रसायनं मिळतात, पण त्यांनी शिक्क्याची शाईसुद्धा उडते. टाचण्यांचा गंज मात्र पसरतो, म्हणून टाचण्या काढल्या.

फ्रेमवाल्यानं लॅमिनेशन सुचवलं होतं. लॅमिनेशन म्हणजे कागदाला जिवंत पुरणं. ते पुन्हा काढता येत नाही. साड्यांच्या मऊ प्लॅस्टिक पिशव्याही नकोत, त्यांतला तेलकटपणा वर्षांनी कागदात उतरतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशांत एकेक पाकीट, खाली आम्लमुक्त कागद. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, खिशावर नाही तर खालच्या कागदावर.

आता ताटातली तिकिटं. २२ पाकिटांची होती ३४ तिकिटं. बंबापासून वाचलेल्या ९ पाकिटांशी त्यांची जोडी लावायचा प्रयत्न नातवानंच केला, आणि तो मन लावून केला. पाकिटावर तिकिटाच्या जागी कागद कमी पिवळा असतो, तो चौकोन मोजायचा. शिक्क्याचं अर्धं वर्तुळ पाकिटावर, अर्धं तिकिटावर. दोन्ही कमानी जुळतात का बघायचं. सात पाकिटांची जोडी नक्की लागली. दोनांची लागेल असं वाटतं, पण ‘वाटतं’ एवढंच लिहून ठेवलंय. त्यानं विचारलं, मग चिकटवू का परत? मी सांगितलं, नाही. एकदा सुटलेलं तिकीट परत चिकटवलं की ते पाकीट खोटं होतं, आणि पुढच्या माणसाचा बाकीच्या सगळ्या पाकिटांवरचाही विश्वास जातो. तिकीट छोट्या खिशात, पाकिटाशेजारी, आणि खाली स्वच्छ लिहायचं: ‘तिकीट २०२१ मध्ये पाण्यात सोडवलेलं.’

तेरा पाकिटांची तिकिटं उरली आहेत. त्यांच्यावर शिक्क्यांच्या कमानी आहेत: कुठं ‘बॉम्’, कुठं नुसतं ‘६६’. ती विकली नाहीत. विकण्याचा विषयच त्यानंतर घरात निघाला नाही. तिकिटं घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, त्यानंही वाईट वाटून घेतलं नाही.

पुढचं काम

वाटणीचा प्रश्न आला होता. मुलगा आणि लेक, दोघांचा हक्क. लेकीनं आधी ‘माझ्या जन्माचं इनलँड मला’ म्हटलं आणि ते अगदी साहजिक होतं. शेवटी ठरलं ते असं: मूळ गठ्ठा एकत्र, आजींच्या खोलीत, वरच्या मजल्यावर. प्रत्येक पाकिटाची दोन्ही बाजूंनी स्कॅन प्रत दोघांकडे. आतली पत्रं स्कॅन केली पण बाहेर कुणाला दाखवायची नाहीत. ती नवरा-बायकोची आहेत. माझंही त्यातलं वाचन आजींनी नेमून दिलेल्या बारा-पंधरा पत्रांपुरतंच आहे.

टपाल प्रदर्शनांत एका चौकटीत सोळा पानं बसतात. तेवढ्यात राजपूतचं टपाल मांडायचं नातवानं मनावर घेतलंय. पहिल्या पानावर माझं ‘मॅरिटाइम मेल’चं पाकीट मी त्याला दिलं. ते रॉदरहॅमचं आहे असा दावा करता येत नाही, तसं पानावर लिहिलंही आहे. फक्त त्या काळात जहाजाचं नाव कसं लपवत हे दिसावं म्हणून. शेवटच्या पानावर पुतण्यानं नव्या राजपूतवरून काकाला पाठवलेलं एक पाकीट. मधल्या चौदा पानांत आजोबा आणि आजी. इनलँडच्या पत्त्यांचं अक्षर बदलतं ते पान त्यानं मी न सांगता केलंय, आणि माझ्या मते ते या सोळांतलं सगळ्यात भक्कम पान आहे.

गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. कागलला आजींच्या माहेरी एका पोथीत आणखी चार पाकिटं सापडली. नातू मोटारसायकलवरून जाऊन घेऊन आला, पोथीसकट, काहीही न सोडवता. एकावर मुंबईचा शिक्का आणि कोपऱ्यात राजपूत दिसतंय, बाकीची पाठीला पाठ लावून चिकटली आहेत. पोथीला ओल आहे. सध्या सगळं माझ्या टेबलावर टीपकागदात आहे. रविवारी तो येईल, मग उघडू.